पाण्यातील मात्रा आणि दातांचे आरोग्य : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील फ्लोराइडच्या प्रश्नाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

दंतक्षय रोखण्यासाठी फ्लोराइडचा वापर हा विसाव्या शतकातील सार्वजनिक आरोग्याचा एक महत्त्वाचा अध्याय मानला जातो. मात्र चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत फ्लोराइडची ओळख आधी उपाय म्हणून झाली नाही. हातपंपाच्या पाण्यातून दातांवर उमटलेल्या डागांच्या रूपाने ती झाली. प्रस्तुत शोधनिबंधात फ्लोराइडच्या शोधाचा जागतिक इतिहास, भारतातील त्याचा वेगळा प्रवास आणि या दोन जिल्ह्यांतील पेयजलाच्या स्रोतांचे स्थित्यंतर यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला आहे. दातांना फ्लोराइड द्यावे की त्यापासून वाचवावे, या प्रश्नाचे उत्तर संपूर्ण जिल्ह्यासाठी एकच असू शकत नाही. ते गावाच्या आणि प्रत्यक्ष जलस्रोताच्या पातळीवरच शोधावे लागेल, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : फ्लोराइड, दंतक्षय, दंत-फ्लोरोसिस, मालगुजारी तलाव, हातपंप, झाडीपट्टी

प्रस्तावना

चंद्रपूर नगराच्या स्थापनेची जी आख्यायिका परंपरेने चालत आली आहे, ती मुळात पाण्याची आणि आरोग्याची कथा आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्या अंगावर गाठी आल्या होत्या. शिकारीच्या वेळी तहानलेल्या राजाने झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका खड्ड्यातील पाण्याने हात, पाय व तोंड धुतले आणि त्याची व्याधी नाहीशी झाली, असे ही कथा सांगते. त्याच ठिकाणी अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले आणि पुढे नगर वसले. आख्यायिकेला इतिहासाचा पुरावा मानता येत नाही. तरीही 'पाणी बरे करते' ही श्रद्धा या प्रदेशाच्या स्मृतीत किती खोलवर रुजलेली आहे, याची ती निश्चितच साक्ष देते.

ज्या प्रदेशाची राजधानी अशा श्रद्धेवर उभी राहिली, त्याच प्रदेशातील काही गावांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाण्यानेच मुलांचे दात पिवळे-तपकिरी केले. या भागातील महाविद्यालयात अध्यापन करताना बोलताना किंवा हसताना तोंडावर हात अथवा ओढणी धरणारे विद्यार्थी व विद्यार्थिनी प्रत्येक वर्षी दिसतात. त्यांना अनेकदा 'दात घासत नाहीस का?' असा प्रश्न ऐकावा लागतो. हा प्रश्न विचारणाऱ्याला त्या डागांचा इतिहास ठाऊक नसतो आणि ज्याला विचारला जातो त्यालाही बहुधा तो ठाऊक नसतो. प्रस्तुत अभ्यासाची प्रेरणा या अनुभवात आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) फ्लोराइड व दातांचे आरोग्य यांतील संबंधाच्या शोधाचा इतिहास पाहणे.
२) चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील पेयजल स्रोतांत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
३) फ्लोराइड उपचारांचे स्वरूप व या प्रदेशातील त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे.
४) स्थानिक परिस्थितीला अनुरूप अशा उपाययोजना सुचविणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. जिल्हा गॅझेटियर, जमाबंदीविषयक अहवाल, भूजलविषयक शासकीय अहवाल आणि दंतवैद्यक शास्त्रातील प्रसिद्ध साहित्य ही दुय्यम साधने आधारभूत मानली आहेत. वैद्यकीय तपशील विषयाच्या आकलनापुरताच दिला आहे.

फ्लोराइडचा शोध : डागापासून उपायापर्यंत

फ्लोराइडची कथा दंतक्षयापासून सुरू होत नाही. ती दातांवरील डागांपासून सुरू होते. इ. स. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी आला. तेथे जन्मलेल्या अनेकांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग आढळले. इ. स. १९०९ मध्ये जी. व्ही. ब्लॅक या ख्यातनाम दंतसंशोधकाने या कामात त्याला साथ दिली. दात तयार होत असतानाच्या वयात हा दोष निर्माण होतो आणि असे डागाळलेले दात किडीला मात्र आश्चर्यकारकरीत्या दाद देत नाहीत, ही दोन निरीक्षणे त्यांच्या अभ्यासातून पुढे आली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या इतिहासातील दोन गावे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले गाव आयडाहो राज्यातील ओकली. तेथील पालकांनी इ. स. १९२३ मध्ये मॅकेला सांगितले की, पाच मैलांवरील उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यानंतर मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले. मॅकेला त्या पाण्यात काहीही दोष सापडला नाही. तरीही त्याने तो स्रोत सोडून देण्याचा सल्ला दिला. गावाने तो मानला आणि काही वर्षांतच लहान मुलांचे कायमचे दात स्वच्छ येऊ लागले. दुसरे गाव आर्कान्सा राज्यातील बॉक्साइट. तेथे इ. स. १९०९ मध्ये खोल विहिरींचे पाणी सुरू झाल्यानंतर हाच दोष दिसू लागला. इ. स. १९३१ मध्ये अ‍ॅल्युमिनियम कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल याने या पाण्याचे सूक्ष्म पृथक्करण केले आणि त्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याचे दाखवून दिले. म्हणजेच दोन्ही ठिकाणी माणसे तीच होती, अन्न तेच होते, बदलला होता तो पाण्याचा स्रोत.

यानंतर एच. ट्रेंडली डीन याने हा प्रश्न मात्रेच्या अंगाने हाताळला. इ. स. १९४२ पर्यंत त्याने २१ शहरांतील ७ हजारांहून अधिक मुलांची पाहणी पूर्ण केली. पाण्यात प्रति लिटर सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असल्यास दंतक्षय लक्षणीयरीत्या कमी होतो आणि डागांचे प्रमाणही नगण्य राहते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. त्यानुसार २५ जानेवारी १९४५ रोजी ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यात प्रथमच हेतुपुरस्सर फ्लोराइड मिसळण्यात आले. त्यानंतर जन्मलेल्या मुलांमधील दंतक्षय अकरा वर्षांत ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. जो घटक दोष म्हणून सापडला होता, तोच अशा प्रकारे उपाय म्हणून स्वीकारला गेला. दोष आणि उपाय यांच्यातील अंतर केवळ मात्रेचे होते.

भारतातील वेगळा प्रवास

भारतात मात्र या इतिहासाने दुसरीच दिशा घेतली. इ. स. १९३७ मध्ये शॉर्ट व त्याच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे दातांबरोबरच हाडांचाही विकार होत असल्याचे नोंदविले. पाठीचा कणा ताठ झालेले, सांधे आखडलेले शेतकरी हे त्या विकाराचे चित्र होते. पाश्चात्त्य देशांत पाण्यात फ्लोराइड किती मिसळावे याची चर्चा होत असताना आपल्या देशात ते पाण्यातून कसे काढावे, हा प्रश्न संशोधकांसमोर होता.

या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर विदर्भातच शोधले गेले, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. नागपूर येथे इ. स. १९५८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था इ. स. १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखली जाते. या संस्थेने १९७० च्या दशकात 'नलगोंडा पद्धत' विकसित केली. पाण्यात तुरटी व चुना ठरावीक प्रमाणात मिसळून, ढवळून, साका खाली बसू दिल्यास फ्लोराइडचे प्रमाण कमी होते, असे या पद्धतीचे साधे तत्त्व आहे. निर्जंतुकीकरणासाठी त्यात ब्लीचिंग पावडरही घातली जाते. पुढे याच संस्थेने सौरऊर्जेवर चालणारी विद्युत-अपघटनी पद्धत तयार केली व तिचा प्रयोग चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथेही केला. तंत्र उपलब्ध असणे आणि ते गावात वर्षानुवर्षे चालू राहणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. रोजची तुरटी, साका काढण्याचे श्रम, देखभालीचा खर्च आणि ते काम कोणी करावयाचे याची निश्चिती नसल्यास कोणतेही संयंत्र काही काळाने बंद पडते.

झाडीपट्टीतील पाण्याचे स्थित्यंतर

पूर्व विदर्भाचा इतिहास तलावांशिवाय लिहिता येत नाही. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन सवलतीने देण्याची प्रथा होती. चांदा भागात अशा जमिनींना 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरातील तुकूम या वस्तीच्या नावात हा शब्द आजही जिवंत आहे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध होते. मेजर ल्युसी स्मिथ याचा इ. स. १८६९ चा जमाबंदी अहवाल आणि इ. स. १९०९ चे चांदा जिल्हा गॅझेटियर यांतून या प्रदेशाच्या शेतीचे व जमीनधारणेचे विस्तृत चित्र मिळते. तलाव, बोडी, उथळ विहीर, ओढा आणि वैनगंगा-वर्धा-इंद्रावती या नद्या हे येथील पाण्याचे पारंपरिक स्रोत होते.

हे सर्व स्रोत प्रामुख्याने पावसाच्या पाण्याचे होते. पावसाचे पाणी खडकाच्या सहवासात फार काळ राहिलेले नसल्याने त्यात फ्लोराइडचे प्रमाण सामान्यतः अल्प असते. याचा अर्थ जुने पाणी निर्दोष होते, असा मुळीच नाही. पटकी, हगवण, विषमज्वर, नारू असे अनेक रोग याच पाण्यातून पसरत. जुन्या काळाचे गोडवे गाताना पावसाळ्यातील त्या मृत्यूंचे विस्मरण होऊ देणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात दोन घटना घडल्या. पहिली जमीनधारणेतील. हा प्रदेश तेव्हा मध्य प्रांताचा वारसा सांगणाऱ्या मध्य प्रदेश राज्यात होता. त्या राज्याच्या इ. स. १९५० च्या कायद्यान्वये १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. तलाव शासनाकडे आले. हे पाऊल सामाजिक न्यायाच्या दृष्टीने आवश्यकच होते. परंतु गावाने एकत्र येऊन गाळ काढण्याची, पाळ दुरुस्त करण्याची जी व्यवस्था होती तिची जागा तितक्या समर्थपणे कोणी घेतली नाही आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले.

दुसरी घटना तंत्रज्ञानातील. इ. स. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राचे जलधोरण बदलले. त्याच वर्षी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची स्थापना झाली. कठीण खडक फोडणारी छिद्रणयंत्रे युनिसेफच्या साहाय्याने देशात आली होती. सोलापूर येथे घडलेल्या 'सोलापूर पंपा'च्या रचनेवरून 'इंडिया मार्क दोन' हा टिकाऊ हातपंप याच दशकात विकसित झाला आणि पुढे तो जगभर गेला. पूर्व विदर्भातील खेड्यापाड्यांत 'बोरिंग' आली. या बोरिंगने रोगजंतूंपासून लक्षावधी लोकांचे रक्षण केले. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला, त्यात सुरक्षित पेयजलाचा मोठा वाटा आहे.

तथापि बोरिंगचे पाणी खोल खडकातील होते. ग्रॅनाइट व पट्टिताश्म यांसारख्या खडकांतील फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, अभ्रक इत्यादी खनिजांमधून फ्लोराइड पाण्यात विरघळते. पाणी खडकात जितके दीर्घकाळ मुरते, त्यात सोडा-बायकार्बोनेट जितके जास्त व कॅल्शियम जितके कमी, तितके हे प्रमाण वाढत जाते. हे पाणी दिसायला नितळ असते. त्यातील फ्लोराइडला रंग, वास वा चव नसते. गढूळ तलावाच्या तुलनेत ते अधिक 'शुद्ध' वाटणे स्वाभाविक होते. केंद्रीय भूजल मंडळाच्या नोंदींत भूजलात प्रति लिटर १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड आढळलेल्या महाराष्ट्रातील जिल्ह्यांत चंद्रपूर व गडचिरोली या दोहोंचा समावेश आहे. ओकली आणि बॉक्साइट या गावांत जे घडले होते, त्याचीच पुनरावृत्ती अर्धशतकानंतर झाडीपट्टीत झाली. फरक इतकाच की, तेथे पालकांच्या तक्रारीवरून स्रोत बदलला गेला. येथे डाग दिसूनही त्याचे कारण पाण्यात आहे, हे गावकऱ्यांपर्यंत पोहोचण्यास फार काळ लागला.

येथे हवामानाचा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो. चंद्रपूरचे उन्हाळ्यातील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. धानाच्या बांधीत, तेंदूपत्ता संकलनात किंवा खाणीत राबणारा माणूस थंड देशातील माणसापेक्षा कितीतरी अधिक पाणी पितो. त्यामुळे पाण्यातील प्रमाण तेच असले तरी शरीरात जाणारी मात्रा वाढते. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकात १.० मिलिग्रॅम ही स्वीकार्य आणि पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठेवली आहे. मानक एकच असले तरी ते पाणी पिणारे शरीर कोठे व किती राबते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

दातांचे रंग आणि त्यांचे सामाजिक अर्थ

या प्रदेशातील माणसाच्या दातांवर दिसणारा प्रत्येक डाग एकाच कारणाचा नसतो. पहिला डाग दंत-फ्लोरोसिसचा. हिरडीखाली दात घडत असताना, म्हणजे साधारणतः जन्मापासून आठव्या वर्षापर्यंत, अतिरिक्त फ्लोराइड शरीरात गेल्यास दातावरील एनॅमल हे कठीण आवरण सदोष बनते. सौम्य अवस्थेत पांढुरके ठिपके, पुढे पिवळे-तपकिरी पट्टे आणि तीव्र अवस्थेत खड्डे दिसतात. हे डाग दातांच्या घडणीतच असल्याने कितीही घासले तरी जात नाहीत. समोरच्या दोन दातांवर समान रीतीने आडवे पट्टे असणे ही त्यांची सामान्य खूण आहे.

दुसरा डाग तंबाखूचा. नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत सर्वत्र प्रचलित असलेला खर्रा, घरोघरी भाजली जाणारी मशेरी आणि छत्तीसगडच्या सीमेलगत वापरला जाणारा गुडाखू यांनी दात काळवंडतात. दात साफ करण्याच्या निमित्ताने तंबाखूची सवय लागण्याचा धोका ओळखून केंद्र शासनाने इ. स. १९९२ मध्ये टूथपेस्ट व दंतमंजनातील तंबाखूच्या वापरावर बंदी घातली आणि इ. स. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली.

तिसरा डाग किडीचा. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातील सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. दिवसातून अनेकदा गोड खाल्ले तर लाळेला ही हानी भरून काढण्यास अवधी मिळत नाही. राखुंडी आणि कडुनिंब, बाभूळ वा करंजाचे दातवण वापरणाऱ्या जुन्या पिढीच्या आहारात साखर फार थोडी होती. आज दुर्गम पाड्यावरील आठवडी बाजारातही गोळ्या, बिस्किटे आणि गोड पेये मुबलक मिळतात. दातवण सुटले, साखर आली. मात्र फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट व दंतवैद्य या दोन गोष्टी त्या वेगाने आल्या नाहीत.

या तिन्ही डागांना समाज एकच नाव देतो, ते म्हणजे अस्वच्छता. विवाह जुळविताना मुलीच्या दातांकडे पाहून नाके मुरडली जातात. मुलाखतीत उमेदवार मोकळेपणाने हसू शकत नाही. ज्या दोषाचे मूळ सार्वजनिक जलस्रोतात आहे, त्याचा दोष व्यक्तीच्या माथी मारला जातो. फ्लोरोसिसच्या सामाजिक इतिहासातील ही सर्वांत वेदनादायक बाब होय. उलट, ज्या ठिकाणी डाग नाही तेथे सर्व काही ठीक आहे, असेही मानले जाते आणि दाढांमधील कीड वेदना सुरू होईपर्यंत दुर्लक्षित राहते.

फ्लोराइड उपचारांचे स्वरूप

फ्लोराइड दातांना कसे वाचवते, याविषयीची शास्त्रीय समज गेल्या काही दशकांत बदलली आहे. पूर्वी ते पोटात जाऊन दातांच्या घडणीत मिसळणे महत्त्वाचे मानले जाई. आता दाताच्या पृष्ठभागावर, लाळेच्या माध्यमातून होणारी क्रिया प्रमुख मानली जाते. फ्लोराइडच्या उपस्थितीत विरघळलेली खनिजे पुन्हा दातावर बसतात आणि तयार होणारा नवा थर आम्लाला अधिक दाद न देणारा असतो. हा बदल आपल्या प्रदेशासाठी कळीचा आहे. डाग पडतो तो गिळलेल्या फ्लोराइडमुळे, तर संरक्षण मिळते ते मुख्यतः दातावर लागलेल्या फ्लोराइडमुळे. त्यामुळे पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइड टाळणे आणि दातावर योग्य फ्लोराइड लावणे या दोन गोष्टी परस्परविरोधी राहत नाहीत.

उपचारांचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत. पहिला, फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट. भारतातील सौंदर्यप्रसाधनविषयक नियमांनुसार तिच्यात १००० पीपीएमपेक्षा अधिक फ्लोराइड असता कामा नये व ते प्रमाण वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी असते. ती गिळू न देता थुंकायला शिकविणे हे पालकांचे काम आहे. दुसरा, फ्लोराइड वार्निश. यात पाच टक्के सोडियम फ्लोराइडचा पातळ थर दातांवर ब्रशने लावला जातो. तो लगेच घट्ट होतो, प्रत्यक्ष वापरले जाणारे द्रव्य अत्यल्प असते आणि वर्षातून साधारणतः दोनदा ते लावावे लागते.

तिसरा प्रकार दुर्गम भागासाठी विशेष उपयुक्त आहे. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रावण जपानमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाले. किडलेल्या जागेवर थेंबभर लावल्यास कीड पुढे सरकणे थांबू शकते. वीज, यंत्र किंवा भूल यांची गरज लागत नाही. किडलेला भाग त्यामुळे कायमचा काळा पडतो, ही त्याची मर्यादा होय. म्हणून पालकांची पूर्वसंमती घेणे अत्यावश्यक ठरते. ज्या प्रदेशात काळ्या डागाचा अर्थ आधीच लज्जास्पद ठरलेला आहे, तेथे हा डाग 'थांबलेल्या किडीचा' आहे हे समजावून न सांगता उपचार केल्यास लोकांचा विश्वास उडेल. जागतिक आरोग्य संघटनेने इ. स. २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड आणि ग्लास आयनोमर सिमेंट यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. या घटनेने दातांचे आरोग्य ही श्रीमंतांची चैन आहे, हा समज अधिकृतपणे मोडीत काढला.

एक प्रदेश, दोन निदाने

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूरची लोकसंख्या सुमारे २२ लाख, तर गडचिरोलीची सुमारे १०.७ लाख आहे. नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालयाची स्थापना इ. स. १९६८ मध्ये झाली. परंतु भामरागडच्या माडिया कुटुंबासाठी गडचिरोली हे जिल्ह्याचे ठिकाणच दीडशे किलोमीटरहून दूर आहे. अशा परिस्थितीत दाढ दुखू लागली की ती काढून टाकणे हाच बहुसंख्यांसाठी एकमेव उपचार ठरतो. शोधग्राम येथील 'सर्च' संस्थेच्या रुग्णालयाला 'माँ दंतेश्वरी' हे आदिवासींच्या देवतेचे नाव आहे. बस्तरमधील परंपरेनुसार सतीचा दात जेथे पडला ते हे शक्तिपीठ. ज्या लोकांच्या देवतेच्या नावातच दात आहे, त्यांच्या दातांची दखल आरोग्ययंत्रणेने इतकी उशिरा घ्यावी, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल.

शासकीय पातळीवर पावले उचलली गेली नाहीत, असे नाही. इ. स. १९८६ मध्ये पेयजलविषयक राष्ट्रीय तंत्रज्ञान अभियान सुरू झाले व फ्लोरोसिस नियंत्रण हा त्याचा एक भाग होता. भारतीय दंत परिषदेने इ. स. २००२-०३ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणासोबत फ्लोराइडचे मानचित्रण हाती घेतले. फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम इ. स. २००८-०९ पासून, तर राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम इ. स. २०१४-१५ पासून राबविला जात आहे. इ. स. २०१९ मध्ये घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणीतपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

अडचण वेगळीच आहे. फ्लोरोसिसचा कार्यक्रम पाणी पाहतो, मौखिक आरोग्याचा कार्यक्रम दात पाहतो आणि पाणीपुरवठ्याचा कार्यक्रम नळ पाहतो. मूल मात्र एकच असते. एकाच गावातील दोन बोरिंगच्या पाण्यातही फ्लोराइडचे प्रमाण भिन्न असू शकते. त्यामुळे 'चंद्रपूर हा फ्लोराइडग्रस्त जिल्हा आहे' असे सरसकट विधान करून सर्व मुलांना फ्लोराइडयुक्त टूथपेस्टपासून दूर ठेवणे चुकीचे आहे. जंगलातील ओढ्याचे किंवा नदीचे पाणी पिणाऱ्या ज्या मुलांच्या पाण्यात फ्लोराइड अल्प आहे, त्यांच्यावर तो अन्यायच होईल. उलट, शहरातील पाठ्यपुस्तकी कार्यक्रम जसाच्या तसा आणून पाण्याची तपासणी न करता लहान मुलांना पोटात घेण्याच्या फ्लोराइड गोळ्या देणे हे त्याहून घातक ठरेल.

आहाराचा भागही महत्त्वाचा आहे. कॅल्शियम व क जीवनसत्त्व यांची कमतरता असलेल्या मुलांत फ्लोराइडचे दुष्परिणाम अधिक तीव्र होतात. मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात गोंडबहुल गावातील मुलांचे पाय वाकण्याच्या विकारावर जबलपूर येथील आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने सुरक्षित पाण्याबरोबरच चकोडा भाजीचा आहारात समावेश केला. हीच आपल्याकडील तरोट्याची भाजी. पावसाच्या पहिल्या सरींनंतर झाडीपट्टीत बांधाबांधांवर उगवणारी ही रानभाजी गरिबांचे अन्न म्हणून हिणवली जाते. तिचे मूल्य नव्याने ओळखण्याची गरज आहे.

निष्कर्ष

१) फ्लोराइडचा जागतिक इतिहास हा मात्रेचा इतिहास आहे. दोष व उपाय या दोन्ही भूमिका एकाच घटकाने बजावल्या आहेत.
२) चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील दंत-फ्लोरोसिसचा विस्तार पृष्ठजलाकडून खोल भूजलाकडे झालेल्या स्थित्यंतराशी निगडित आहे. हे स्थित्यंतर जलजन्य रोगांपासून मुक्तीसाठी आवश्यक होते. मात्र त्यासोबत रासायनिक तपासणीची जोड वेळीच मिळाली नाही.
३) मालगुजारी तलावांचा ऱ्हास हा केवळ सिंचनाचा प्रश्न नाही. त्याचा सार्वजनिक आरोग्याशीही संबंध आहे.
४) दातांवरील डागांना अस्वच्छता समजण्याच्या प्रवृत्तीमुळे बाधित व्यक्तींवर सामाजिक अन्याय होतो.
५) पृष्ठभागावर लावण्याचे फ्लोराइड उपचार आणि पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडचे नियंत्रण हे परस्परपूरक आहेत.

उपाययोजना

१) प्रत्येक शाळा, आश्रमशाळा व अंगणवाडीच्या पाण्याच्या स्रोताची फ्लोराइड तपासणी करून त्याचा आकडा दर्शनी भागात मराठीत व स्थानिक बोलीत लावावा.
२) अधिक फ्लोराइड असलेल्या बोरिंगचा वापर पिण्यासाठी बंद करून लहान मुले व गरोदर माता यांना प्राधान्याने पर्यायी पाणी द्यावे.
३) आश्रमशाळांत वर्षातून दोनदा दंततपासणी, गरजेनुसार वार्निश आणि पालकांच्या संमतीने सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा वापर व्हावा.
४) जुन्या तलावांचे खोलीकरण व पुनर्भरण पेयजलाच्या नियोजनाशी जोडावे. पृष्ठजल वापरताना निर्जंतुकीकरणाची हयगय होऊ नये.
५) महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र, भूगोल व इतिहास विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून आपल्या परिसरातील गावांच्या जलस्रोतांची नोंदवही तयार करावी. कोणती विहीर केव्हा खोदली, कोणती बोरिंग केव्हा लागली आणि गावातील मुलांच्या दातांवर डाग केव्हापासून दिसू लागले, हे सांगणारी वृद्ध मंडळी अद्याप हयात आहेत. त्यांची साक्ष नोंदविणे हे इतिहासाच्या अध्यापकांचे काम आहे.

खांडक्या बल्लाळशाहाच्या कथेतील पाणी बरे करणारे होते. त्या पाण्यात काय होते, हे कोणी तपासले नाही आणि त्या काळी ते शक्यही नव्हते. आज ते शक्य आहे. त्यामुळे आपल्या वर्गात तोंडावर ओढणी धरून बसलेल्या विद्यार्थिनीला 'दात घासत नाहीस का?' असे विचारण्याऐवजी 'तुमच्या गावात पाणी कोठून येते?' असे विचारता येईल. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापासूनच या दोन जिल्ह्यांतील दातांच्या आरोग्याचा खरा प्रारंभ होईल.